वंदनाताई मागायला जातात

"भेटंल ना, काकू? नुसतं हो म्हना."

विनोद दारातच उभा होता. चपला काढून आत यायलाही त्याला धीर नव्हता. तिगावच्या स्टेशनाबाहेर त्याची चहा-पोह्यांची गाडी. त्याची आई मनकर्णाबाई महिनाभर नागपूरच्या एका दवाखान्यात पडून होती. फुप्फुसं पार थकलेली. आज दुपारी तिला सुट्टी मिळत होती, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तरच न्या. अँब्युलन्समधलं सिलिंडर घरापर्यंत पुरेल, त्यापुढची हमी नाही. नागपूरचा भाड्याने देणारा दुकानदार जामीनदार मागत होता, आणि विनोदला जामीन राहील असा माणूस म्हणजे त्याच्याच गाडीवर पोहे खाणारा हमाल.

"बस तर आधी," वंदनाताई म्हणाल्या.

बसणार कुठे, हा प्रश्नच होता. वंदनाताई कळंब्यांच्या पांढुर्ण्याच्या घरात पाहुण्याला बसायची सोय अशी उरलेली नव्हती. पुढच्या खोलीत डोक्याकडून वर होणाऱ्या दवाखान्याच्या खाटा, वॉकर, चाकांच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, कोपऱ्यात कुबड्यांचा भारा. अमरावतीचे व्याही एकदा ऐटीत ज्या खुर्चीवर बसून चहा प्याले, ती कमोडची होती. त्यांना ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. गावातल्या दुकानदारांनी, मास्तर असलेल्या यजमानांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी मिळून एकेक वस्तू घेऊन दिलेली. ज्याच्या घरी दुखणं असेल त्याने यावं आणि न्यावं. अनामत नाही, कागद नाही, कोणाची ओळख नाही.

नियम एकच होता, आणि तो वंदनाताईंनी स्वतःलाच घालून घेतलेला. दिलेली वस्तू परत मागायची नाही. चौकशीचा फोनसुद्धा करायचा नाही. त्यांचे यजमान, कळंबे मास्तर, लकव्याने अंथरुणाला खिळले तेव्हा घरात भाड्याची खाट आणली होती. खाटवाला महिना संपला की फोन करायचा, "अजून लागते का?" मास्तरांचे कान शाबूत होते. एकदा वाकड्या तोंडाने हसत म्हणाले, "सांग त्याले, मी घाईच करून राहिलो म्हनाव." वंदनाताई मोरीत जाऊन रडल्या होत्या. आपल्या तोंडून हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या घरात शिरू नये, एवढ्यासाठी तो नियम. लोकही सच्चे. गरज संपली की आपण होऊन, धुऊनपुसून आणून देत.

पण आज घरात खाटा होत्या, गाद्या होत्या, ऑक्सिजनचं मशीन नव्हतं. होती ती दोनच. एक सौसरला एका बाईंकडे. ते दिवसरात्र चालू असतं, असं त्यांचा भाऊ कालच वॉकर न्यायला आला तेव्हा सांगून गेला. दुसरं रामाकोन्याला दादाजी घागऱ्यांकडे. निमोनियानंतर त्यांना लागलं म्हणून दिवाळीच्या आधी नेलेलं. आता संक्रांत तोंडावर आली होती, आणि तिकडून काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"रामाकोन्याचं आनू ना मंग," विनोद म्हणाला. "चेतनची पिकअप आनली मी, थो बाहेर गाडीतच हाय. तुमी फक्त फोन लावा त्यायले."

"फोन नाही लावत मी."

"मंग मी लावतो."

"नाही!" वंदनाताई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की विनोद दचकला. मग त्यांनी शाल घेतली, घराला कुलूप लावलं आणि पिकअपमध्ये जाऊन बसल्या. विनोद मागोमाग चढला आणि चेतनने गाडी सुरू केली.

वाटेत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या. कापूस वेचणाऱ्या बाया मान वर करून पाहत होत्या. वंदनाताईंच्या मनात मात्र दादाजी घागरे होते. म्हातारा गेला असेल आणि आपल्याला पत्ताच नसेल तर? सुतकाच्या घरात जाऊन मशीन मागायचं? आणि जिवंत असेल, नाकात नळी असेल, तर कोणत्या तोंडाने दारात उभं राहायचं? दोन्हींतलं कुठलं बरं, हे मन चाचपू लागलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. कोणाच्या जाण्या-राहण्याचा हिशेब करायला आपण निघालो आहोत, असं त्यांना वाटलं. सौसर मागे पडलं तेव्हा विनोदचा फोन वाजला. त्याची बहीण उर्वशी आईजवळ होती.

"दवाखान्यातून निघाले थे लोक," तो म्हणाला.

रामाकोन्यात घागऱ्यांचं घर गल्लीच्या आत होतं. वंदनाताईंनी गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवायला लावली. "तू येऊ नको. मी बोलावते," असं विनोदला बजावून त्या एकट्या चालत गेल्या.

दादाजी ओट्यावर उन्हात बसले होते. नाकात नळी नाही, काही नाही. मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होते. वंदनाताईंच्या जिवात जीव आला. त्यांना वाटलं, संपलं सगळं, आता मागायचीसुद्धा गरज नाही. पण दादाजींनी वर पाहिलं, त्यांना ओळखलं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. सूप तिथेच ठेवून, भिंतीला धरत, ते आत निघून गेले.

"या काकू, बसा," सून पूनम पदर सावरत बाहेर आली. "गावात कोनाकडे आल्या होत्या का?"

"सहजच," वंदनाताई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसली की ते लगेच दिसतं. पूनमने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि चहाचं आधण ठेवून हळू आवाजात सुरू झाली.

"मले ठाऊक हाय तुमी कायले आल्या थे. डॉक्टरनं दोन महिने झाले मशीन बंद करून टाकली जी. बोटाले लावून ऑक्सिजन पाह्यते थे सगळं बरोबर येते. पन मामाजी हातच लावू देत नाई. रात्री खाट तिच्याजोळच पाह्यजे. म्हन्ते, मशीन गेली का मी गेलो. यायनं तुमच्याकडे आनून द्याचं म्हनलं त दोन दिवस जेवले नाई."

"असं का पण?"

पूनमने डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खूण केली.

आत दादाजी खाटेवर बसले होते. शेजारी मशीन. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला, पुढच्या अंगाला हळदकुंकवाची दोन बोटं. दादाजींचा एक हात त्याच्यावर होता.

"मास्तरीनबाई," ते खाली पाहत म्हणाले, "तुमी कोनाच्याच घरी जात नाई म्हन्ते लोक. आज माया घरी आल्या. डॉक्टर काही बोलला का तुमाले? मले सांगत नाई हे पोट्टे. तुमी सांगा."

वंदनाताईंचं नुसतं दारात येणं या माणसाला मरणाचा निरोप वाटला होता.

"डॉक्टर काही नाही बोलले. तुम्ही चांगले आहात, दादाजी."

"मंग कायले आल्या?"

आता पळवाट नव्हती. इतक्या वर्षांत जे वाक्य त्यांनी तोंडाबाहेर काढलं नव्हतं ते त्यांनी काढलं. "मला मशीन पाहिजे."

दादाजींचा हात मशीनवर घट्ट झाला. "पाह्यलं? मी म्हनलंच होतं," ते कोणाला तरी उद्देशून म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "आमच्या गल्लीतल्या वामनले तुमची खाट होती. खाट गेली त्या दिवसी वामनही नव्हता. थ्या बोरगाववाल्या जावयाची मशीन अशीच. तुमच्या इथली वस्तू वापस जाते थे मानूस गेल्यावरच जाते. मी पायतो ना बाई, गावात सारेच पायतात. पोट्टे मशीन घेऊन निंगाले का गल्लीतले लोक टोप्या काढून उभे राह्यते."

नाही हो, तसं नसतं, असं म्हणायला वंदनाताईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वॉकर परत यायचे, कुबड्या यायच्या. पण खाटा आणि मशीनं? माणूस बरा झाला तरी लोक ठेवून घेत, असू दे घरात म्हणून, कारण कोणी मागतच नव्हतं. मग एक दिवस डोळे पुसत आणून देत. आपण फोन करत नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता! कोणाला दुखवू नये म्हणून पाळलेल्या त्या मुकेपणातूनच ही भीती घराघरांत शिरली होती, आणि आज ती त्यांच्यासमोर खाटेवर बसली होती. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

"तिगावला एक बाई आहे, दादाजी. तुमच्याच वयाची असेल. आज दवाखान्यातून घरी येऊन राहिली. घरी मशीन नसलं तर..."

"दुसरीकडे नाई का?"

"नाही. दुसरं एकच आहे, ते सौसरला दिवसरात्र चालू असतं."

तेवढ्यात खोलीच्या दारात विनोद येऊन उभा राहिला. सांगूनही त्याला गाडीत बसून राहवलं नव्हतं. हातात फोन. "काकू, अँब्युलन्सनं सावनेर सोडलं," एवढंच म्हणाला. मशीनकडे त्याने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. हात जोडले असते, गयावया केली असती, तर कदाचित दादाजी तसेच बसून राहिले असते. तो नुसता दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"माय का तुयी?" दादाजींनी विचारलं.

"हाव जी."

"रात्री झोप लागते का तिले?"

"नाई जी. बसूनच राह्यते. झोपली का श्वास बंद होईन म्हन्ते."

चुलीवर चहा उतू गेल्याचा वास आला. मग दादाजींनी सुनेला हाक मारली. "पूनम, मायं धुतलेलं धोतर काढ. अन् टोपी."

पूनम घाबरीघुबरी धावत आली. "धोतर कायले, मामाजी? काय होऊन राह्यलं?"

"काई होऊन नाई राह्यलं. मी जातो संगं. ह्या घरातून मशीन एकटी जानार नाई. जाईन त मी तिच्या पुढं चालत जाईन. पाहू दे गल्लीले."

पूनमने विरोध केला, थंडीचं कारण सांगितलं, नवऱ्याला शेतातून बोलावते म्हणाली. म्हातारा ऐकेना. शेवटी गल्लीतून एक वेगळीच वरात निघाली. पुढे काठी टेकत पांढऱ्या धोतरातले दादाजी, मागे मशीन चाकांवर ढकलत विनोद, त्यामागे वंदनाताई. एक शेजारी सवयीने टोपीला हात लावत उभा राहिला, आणि मग पुढच्या माणसाला पाहून त्याचा हात तसाच अधांतरी राहिला.

"कुठं निंगाले, दादाजी?"

"वापस करून राह्यलो," दादाजी म्हणाले. "मायं भागलं."

पिकअपमध्ये ते चेतन आणि वंदनाताईंच्या मध्ये बसले. विनोद मागे मशीन धरून. रस्ताभर वंदनाताईंची नजर दादाजींच्या छातीवर होती. आता भीती नवीनच होती. एकीचा श्वास वाचवायला उन्हात बसलेल्या बऱ्या माणसाला आपण ओढून काढलं, आणि यालाच वाटेत काही झालं तर? पूनमला काय सांगायचं? दर खड्ड्याला त्या चेतनला म्हणत, "हळू रे," आणि लगेच, "पण जरा लवकर." चेतन बिचारा काय करणार! दादाजी मागच्या काचेतून वळूनवळून मशीनकडे पाहत होते. एकदा म्हणाले, "त्या कोपऱ्यात आता काय ठिवू? रिकामा दिसंन."

तिगावला पोचले तेव्हा अँब्युलन्स घरापुढे उभी होती. मनकर्णाबाईंना नुकतंच खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं. उर्वशीने सिलिंडरची नळी धरून ठेवलेली आणि तिचे डोळे सिलिंडरच्याच काट्यावर. धावपळ करत विनोदने मशीन लावलं. ते घरघरलं, दिवा लागला. वंदनाताईंनी नळी नीट बसवून दिली. हळूहळू मनकर्णाबाईंच्या ओठांचा निळेपणा कमी झाला. त्या उशीवर मान टाकून मशीनकडे पाहू लागल्या. मग वंदनाताईंकडे.

"कोनाची होती जी हे?" त्यांनी दम घेत विचारलं. "गेलं का थे मानूस?"

"माय, गप राह्य ना," उर्वशी म्हणाली.

दारापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले दादाजी खाकरले. "मायी होती, बाई. अन् मी नाई गेलो. हा काय, तुमच्याच घरात बसलो."

मनकर्णाबाईंचा विश्वास बसलेला दिसेना. आपल्याला धीर द्यायला माणसं काय काय बोलतात, हे दवाखान्यात महिनाभर राहून त्यांना चांगलं कळलेलं. "खरं सांगून राह्यले का?" त्या पुटपुटल्या.

दादाजींनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि उठले. वंदनाताई धरायला पुढे झाल्या, त्यांना हाताने बाजूला सारलं. पायरी उतरले. अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेले, तिथे वळले, धोतराचा सोगा हातात धरून ताठ मानेने परत आले. मनकर्णाबाईंची मान उशीवर त्यांच्या पावलांबरोबर फिरत होती.

"पाह्यलं?" दादाजी म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मनकर्णाबाईंनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले, आणि नळी लावलेल्या तशाच आडव्या झाल्या.

दादाजींना सपाटून धाप लागली होती. तोंड घट्ट मिटून ते ती आतल्या आत दाबत होते. वंदनाताई त्यांच्या आणि खाटेच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, आणि धाप बसेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.