मेहूण मोड, कस्तुरी

"या वेळी नापास झालीस तर कॉलेज बंद," असं नरहरभाऊजींनी आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. त्यामुळे केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेला कस्तुरीपेक्षा मलाच जास्त धास्ती होती. तिला शिकवते मी, काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरी.

परीक्षेच्या खोलीची खिडकी व्हरांड्याच्या बाजूला उघडी होती. मी गजांना नाक लावून उभी.

"नाइट्रोजन बनाइए," परीक्षक म्हणाले.

कस्तुरीनं फळ्यावर तीन चौकोन काढले, तीन पी-ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या बसायच्या जागा. त्यांत तीन इलेक्ट्रॉन बसवायचे. आणि काय करावं कार्टीनं? पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक, तिसरा रिकामा!

हे माझ्याच शिकवण्याचं फळ! एका ऑर्बिटलमधल्या दोघांचे तीन क्वांटम नंबर सारखे आणि चौथा, फिरकीचा, उलटा, हे तिच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मीच म्हटलं होतं, "मेहूण समज गं." आमच्याकडे मेहूण जेवायला आलं की नवरा-बायकोचे पाट जोडूनच मांडतात. पोरीनं जोडीच आधी बसवली! जागा असेपर्यंत एकेकानं वेगळं बसायचं, हेही बजावलं होतं, पण ते कुठलं लक्षात राहायला!

"पक्का?" परीक्षकांनी विचारलं. कस्तुरी फळ्याकडे वळली.

मला राहवेना. इथं काशीत मराठी कोणाला कळतंय, म्हणून ओरडलेच, "अगं, मेहूण मोड! एकेकाला बसव!"

परीक्षकांनी मान वळवली. "बाई, आत या," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "मी अकोल्याचा."

मेले! आत जाऊन मी हात जोडले. "सर, चूक माझी आहे, मीच तसं शिकवलं. तिचं वर्ष घालवू नका. दुसरं काहीही विचारा."

"तोंड भिंतीकडे करा. हूं की चूं नाही." मग तिला, "लोखंडाचे डी इलेक्ट्रॉन काढ."

पाठीमागे खडू करकरला, थांबला.

"पाच चौकोन, सहा इलेक्ट्रॉन," कस्तुरी म्हणाली. "पाच एकेकटे, सहावा जोडीला. एकटे उरले चार."

"आधी जोड्या का नाहीत?"

"सगळेच ऋणभारित, सर. एकमेकांना ढकलतात. जागा असताना कोण कोणाला खेटून बसेल?"

"पास. नायट्रोजनला मात्र शून्य. ते उत्तर तुझं धरता येणार नाही मला."

बाहेर येताच मी तिला मिठी मारली. तिनं माझे हात सोडवले. डोळे भरलेले.

"मला कळलं होतं, मावशी. पुसायला हात उचलला होता मी."

"अगं, मला वाटलं..."

"मला येणार नाही, असंच वाटलं ना? बाबांनाही तेच वाटतं."