उजव्या मोराची तीट

वीज गेली तसे गल्लीतले माग एकेक करून मुके झाले. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माणसाला खडखडाटाचं काही वाटत नाही, शांततेचं वाटतं. प्रभानं ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवून मान वर केली, तर दारात चनबसप्पा उभे. खांद्यावर कुठलीशी चादर, कपाळावरची विभूती घामानं विस्कटलेली.

चनबसप्पा कारखान्याचे मालक, आणि प्रभा त्यांच्याकडे नक्षी काढायची. चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक घर रंगानं भरायचं. त्या घरांवरून पुठ्ठ्यांना भोकं पडायची, आणि भोकांच्या हुकमानं मागावरचे दोरे वरखाली होऊन कापडात पान हलायचं, फूल डोलायचं. पोस्टातल्या कारकुनाची लेक, ड्रॉइंगची परीक्षा दिलेली. बाईमाणूस नक्षीला बसलेलं पेठेनं आधी पाहिलं नव्हतं. बसवलं होतं चनबसप्पांनीच, लोक हसत असताना. रोज आल्या आल्या ते लेकीला हाक मारावी तसं "काय यव्वा, आज काय फुलवलंस?" म्हणायचे.

आज म्हणाले नाहीत. खांद्यावरची चादर त्यांनी अंगणातल्या फरशीवर टाकली. ती उलगडत गेली तशी प्रभा वाकून बघू लागली. एकीवर एक जोड्या: मधे कलश, आणि कलशाकडे तोंड करून दोन मोर. तिचेच. मानेचा बाक तिचा, पिसाऱ्याचे डोळे तिचे. रंग तेवढा निराळा. तिनं निळ्यावर पिवळे मोर खेळवले होते, हे तांबड्यावर पांढरे.

"ही आपली नाही, अप्पा."

"तेच तर म्हणतोय. चाटी गल्लीत दुकानादुकानात ढीग लागलाय हिचा. पलीकडच्या पेठेतून आलीय." चनबसप्पा फरशीकडेच बघत होते. "मोर उडून गेले का गं तिकडं? नक्षीचा कागद कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली कुठंय?"

किल्ली प्रभाच्या कमरेला होती. सगळ्या अंगणाला दिसत होती.

"कागद मी कुणाला दिला नाही."

"मग कुणी दिला? मी तर सांगून आलोय चाटी गल्लीत. आमच्याच घरातून कागद गेला म्हणून. कोण म्हणून विचारलं, तर नावही सांगितलं."

चाटी गल्लीत सकाळी घेतलेलं नाव दुपारपर्यंत प्रत्येक कारखान्यात पोचतं. चोर म्हणून हे दार बंद झालं की दुसरं उघडणार नव्हतं. आणि पुन्हा कुठल्या बाईला कुणी नक्षीला बसवणार नव्हतं.

वीज नाही म्हणून सगळे अंगणातच होते. मोर ज्याच्या मागावर उतरले तो अक्कलकोटकडचा कल्लप्पा विणकर तंबाखू मळता मळता थांबला. पुठ्ठ्यांना भोकं पाडणाऱ्या मंद्रूपच्या रंभाबाई जवळ येऊन चादरीशी बसल्या आणि मोराच्या मानेवरून बोट फिरवू लागल्या.

"बाई गं, आपलंच लेकरू की हे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं झबलं घालून आलंय."

लेकरू म्हटल्यावर प्रभाला एकदम आठवलं.

"रंभाबाई, मोरांना तीट लावली होती ना तुम्ही?"

"व्हय की. बिनतिटीचं न्हाई सोडत मी काय बी."

लेकराच्या गालाला काजळाचा ठिपका लावावा, तशी या कारखान्यात नव्या नक्षीला तीट लागे. पुठ्ठे पाडताना रंभाबाई एका पुठ्ठ्याला एक भोक जास्तीचं पाडायच्या. कागदावर तीट कधी काढत नसत. कागद कोण बघतंय? दृष्ट लागते ती कापडाला. मोरांची तीट उजव्या मोराच्या चोचीखाली होती, एवढंसं एक भरलेलं घर. माहीत असल्याशिवाय कुणाला दिसू नये असं.

"अप्पा, माझ्या कागदावर तीट नाही," प्रभा म्हणाली. "कागदावरून चोरी झाली असेल तर या चादरीतही ती नसणार. पण बाजारातून आपली चादर नेऊन कुणी एकेक घर वाचून काढलं असेल, तर तीट हिच्यात आलेली असणार. वाचणाऱ्याला काय कळतंय, नक्षी कुठली आणि तीट कुठली? दिसेल ते भरणार तो."

"कापड वाचायचं?" कल्लप्पा हसला. "डोळ्याच्या खाचा होतील की. येवढा उद्योग कोण करतंय?"

"आपण करू. आत्ता."

चनबसप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "आणि तीट नसली तर?"

"तर ही किल्ली तुमच्या हातात ठेवते आणि जाते."

"वाच. लाईट येईपर्यंत. लाईट आली की माग चालू आणि हा विषय बंद."

बोलून गेली खरी, पण एक गोष्ट प्रभाच्या मनात सलत होती. दिवाळीच्या घाईत एकदा, एकदाच, ती किल्ली टेबलावर विसरून जेवायला गेली होती. तेवढ्यात कुणी कपाट उघडलं असेल का? तिनं कागद दिला नव्हता. पण कागद गेलाच नव्हता, हे ती शपथेवर सांगू शकत नव्हती. ती स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड उचलत होती आणि ते तिला कळत होतं.

चादर ताणून धरायला कल्लप्पा बसला. प्रभानं सूत बघायचं भिंग डोळ्याला लावलं, ओळ चुकू नये म्हणून आडवी सुई खोवली आणि उजव्या काठाकडून सुरुवात केली. ती वाचणार, रंभाबाई ते सुरात म्हणत कोऱ्या कागदावर घरं भरणार. ही त्यांची रोजचीच रीत, पुठ्ठे तपासायची. सुरात म्हटलं की चूक आधी कानाला टोचते, मग डोळ्याला दिसते.

"दोन भर, एक सोड."

"दोन भर गं, एक सोड," रंभाबाईंनी जात्यावरचा सूर लावला. पेन्सिल कागदावर टिपत चालली. मान आली, मानेचा बाक आला, आणि सूर आपसूक लांबला.

"दोन भर गं, एक सोड, मोर झुके कलशापायी,
चार सोड गं, एक भर, चोचीला दाणा न्हाई…"

सुई चोचीखालच्या ओळीवर आली. प्रभाचा श्वास भिंगाच्या काचेवर धुकं धरत होता. तिनं पदरानं काच पुसली. उजव्या मोराची छाती. तीन भर. मग मोकळी जागा.

"सोड," ती म्हणाली.

तीट यायची ती हीच जागा.

"सोड." तिनं पुन्हा पाहिलं. नखानं दोरा जरा सारून पाहिला. तांबडं, नुसतं तांबडं. "सोड."

रंभाबाईंचा सूर थांबला. चनबसप्पांनी वाकून भिंग मागितलं, पाहिलं, परत दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट कुणी घरातलं गेल्यासारखे ते दिसले.

"झालं, पोरी," ते म्हणाले.

प्रभाचा हात कमरेला गेला. ती किल्ली सोडवू लागली.

"झालं कुटं?" रंभाबाई म्हणाल्या. "वळ अर्दीच हाय अजून. अर्दी वळ टाकून उटायचं न्हाई आमच्यात. म्होरची समदी नक्षी सरकती."

"आता कशाला, रंभाबाई?"

"पुरी करा, ताई. मग जावा कुटं जायचं ते."

त्याच वेळी मागच्या गल्लीतून पहिला माग खडखडला. मग दुसरा. चनबसप्पांच्या कारखान्यातला दिवाही लागला. त्यांनी कल्लप्पाकडे बघितलं. कल्लप्पा चादरीचा काठ धरून तसाच बसला.

"कल्लप्पा, लाईट आलीय."

"आली की, मालक. पळून न्हाई जात ती."

प्रभा वाचत गेली, डोळ्यांत पाणी आणि पाण्यातून कापड. कलशाची कड. कलशाचं पोट. पलीकडची कड. मग डावा मोर, उजव्याचीच उलटी छबी. रंभाबाईंना आता ऐकायची गरज नव्हती. गेलेली ओळच त्या उलट्या पावली गात परत येत होत्या. प्रभाच्याही पुढं निघाल्या होत्या.

"सोड गं, सोड गं…"

"भर," प्रभा म्हणाली.

सूर तुटला. "आँ? हितं सोड येतंय."

"एक भर." प्रभानं डोळे कोरडे केले आणि भिंग पुन्हा टेकवलं. डाव्या मोराच्या चोचीखाली पांढरा ठिपका होता. एकच. एवढासा.

"तीट उजवीकडं होती," चनबसप्पा म्हणाले. "हा एखादा दोरा चुकलेला असेल."

"कल्लप्पा, वरची जोडी काढा," प्रभा म्हणाली.

वरच्या जोडीतही डाव्या मोराला ठिपका होता. त्याच्या वरच्याही. चुकलेला दोरा असा रांगेनं हजेरी लावत नाही, हे चनबसप्पांना सांगायला नको होतं. तरी ते म्हणाले, "मग बाजू कशी बदलली?"

प्रभानं काठ उचलला आणि सगळी चादर पालथी घातली. मागच्या अंगाला तेच मोर, रंग फक्त अदलाबदल झालेले, पांढऱ्यावर तांबडे. सोलापुरी चादर ती. तिला सुलटं-उलटं कुठलं? आणि चोचीखालचा ठिपका आता उजवीकडे होता.

"त्यानं आपली चादर घेतली आणि पालथ्या अंगानं वाचली," ती सावकाश म्हणाली. "दोन्ही अंगं सारखीच दिसतात, त्याला काय कळणार? माझा कागद नेला असता तर तीट नसती आली. पुठ्ठे नेले असते तर गडद अंगाला ती उजवीकडंच आली असती. हे कापडावरून गेलंय, अप्पा."

चनबसप्पा गुडघ्यावर बसले. भिंग लावून त्यांनी एक जोडी पाहिली, चादर उलटवून तीच पुन्हा पाहिली. कल्लप्पा पुटपुटला, "चोर बी काय कष्टाळू म्हणायचा!"

"यव्वा," शेवटी चनबसप्पा म्हणाले. "कल्लप्पा, चहा सांग सगळ्यांना. यव्वाला आधी दे."

"चहा नको," प्रभा म्हणाली. "चाटी गल्लीत चला."

"जाईन की. संध्याकाळी ऊन उतरलं की जातो."

"माझं नाव उन्हातच घेतलंत ना?"

रंभाबाईंनी पदर तोंडाला लावला. चनबसप्पांनी चादरीची घडी केली, खांद्यावर टाकली आणि चपला घातल्या. प्रभा त्यांच्या मागून नाही, बरोबरीनं चालली.

चाटी गल्लीत सकाळच्याच दुकानाच्या पायरीवर सकाळचीच माणसं पानं लावत बसली होती. प्रभाला बघून एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं.

"ते सकाळी मी म्हणालो होतो ना," चनबसप्पा घशातल्या घशात म्हणाले, "ते… तसं नव्हतं."

"अप्पा," प्रभा म्हणाली, "सकाळी एवढ्या हळू बोलला होतात?"

चनबसप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग पायरी चढून ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले, खाकरले, आणि पलीकडच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही वळून बघावं एवढ्या आवाजात त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं.