परतीची कोरी बाजू

चाई यूनशूनं काठी आजोबांच्या पुढ्यातल्या लसणाच्या सुपावरच आपटली. सोललेल्या पाकळ्या अंगणभर उडाल्या.

"ही बाजू कोरी का?"

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, चीनच्या यादवी युद्धातल्या हुआयहायच्या लढाईत, शांडोंगच्या शेतकऱ्यांनी एकचाकी हातगाड्या ढकलत क्रांतिसैन्याला धान्य पोचवलं होतं. आजोबांना सगळे चाई देलू म्हणत. चाई देलूनं जाताना वाटेतलं एकेक गाव चाकूनं या काठीवर कोरलं होतं. चोवीस गावं. परत येतानाची गावं दुसऱ्या बाजूला कोरायची, असा गाडीवाल्यांचा रिवाज. यूनशूच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण या काठीवरच होतं, आणि पुस्तक छापखान्यात जाऊन पडलं होतं.

"सांगितलं ना मागं. दमलो होतो," आजोबा म्हणाले.

"साफ खोटं! काल मला मेलेल्या गाडीवाल्यांची यादी सापडली. चाई देलू, चोविसाव्या गावात तोफगोळ्यानं ठार. तिथंच पुरलंय त्याला. मग तुम्ही कोण?"

म्हातारा वाकून पाकळ्या वेचू लागला. चार-पाच वेचल्यावर हात थांबला.

"मला लिहिता येत नव्हतं, म्हणून कोरी. मी पलीकडच्या सैन्यातला. वेढ्यात सोळा दिवस उपाशी होतो, रात्री पळालो. देलूनं माझा गणवेश पाहिला नाही, तोंड पाहिलं. आपली भाकरी मोडून अर्धी दिली. ती खातोय तोच गोळा पडला. जाता जाता म्हणाला, गाडी घरी पोचव. काठीवरची गावं लोकांकडून वाचून घेत आलो."

"आणि आजी?"

"तिनं गाडी ओळखली. मग माझ्याकडं बघत राहिली. कडेवर तुझा बाप, दोन वर्षांचा. म्हणाली, 'आत या. दार लावा, वारा येतोय.'"

यूनशू पायरीवर बसली. या गावात तिनं दोन हिवाळे घालवून देलूला लहानपणापासून ओळखणाऱ्या एकोणीस म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. प्रत्येकानं गरम चहा पाजला होता, आणि प्रत्येकानं तोंडावर फसवलं होतं.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या सुन काकू भिंतीवरून डोकावल्या.

"काकू, तुम्हालाही ठाऊक होतं?"

"अगं, सगळ्या गावाला ठाऊक. तुझ्या बापालासुद्धा."

"आणि मला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलंत!"

"तू लढाईचं विचारलंस, आम्ही लढाईचं सांगितलं. हे बाहेर फुटलं असतं तर त्या काळात यांना उचलूनच नेलं असतं. तोंड मिटायची सवय लागली ती लागली, बाई."

यूनशूनं वही उघडली. रागाच्या भरात पेनाचं टोपण निघता निघेना.

"खरं नाव काय तुमचं?"

म्हाताऱ्यानं काकूंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? मला काय माहीत?"

"आजीला तरी ठाऊक होतं?" यूनशूनं विचारलं.

"तिनं कधी विचारलं नाही. कुणीच नाही विचारलं."

यूनशूनं खाली पाहिलं. वहीत याच माणसाच्या बोलण्याची चाळीस पानं होती, तिच्याच अक्षरात; त्यात हा प्रश्न कुठंच नव्हता.

त्यानं आपलं नाव ओठातल्या ओठात पुटपुटलं, तिला ते ऐकू आलं नाही. ती उठली, स्टूल ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली, "आजोबा."