आज दमूनच जायचं

सुवार्नीची डावी पापणी पहिल्यांदा खाली आली ती भर बाजारात, आणि आम्ही सगळे हसलो.

सुवार्नी माझी बायको. तिला जाऊन आता अकरा महिने झाले. आमच्या सोकाराजा गावच्या बाजारात ती दावेत नावाचं गार सरबत विकायची. नारळाचं दूध, माडाचा गूळ, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया आणि वर बर्फ. शेजारच्या गाळ्यावर यू तार्मी गोड वड्या तळायची. वयानं मोठी म्हणून सगळा बाजार तिला यू, म्हणजे ताई म्हणायचा. माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान रस्त्याच्या पलीकडे.

त्या दुपारी यू तार्मी ओरडली, "अगं ए, गिऱ्हाइकांना डोळा मारतेस होय! तरीच तुझं भांडं माझ्याआधी रिकामं होतं."

"तूही मार की," सुवार्नी म्हणाली. "पण तुझा डोळा बघून लोक वड्या टाकून पळतील."

पुढे ती पापणी रोज दुपारी पडू लागली. मग संध्याकाळी घास चावता चावता तिचा जबडा दमायचा. हनुवटीला हात लावून ती चावायची. थोडा वेळ बोलली की आवाज नाकातून यायचा. पण रात्रभर झोपली की सकाळी नवी कोरी. दुपारी गाळ्यावर ती बर्फाचा खडा डोळ्याला लावून बसायची. मला वाटायचं, उकडतंय म्हणून.

आमच्याकडे काहीही झालं की अंगात वारा शिरला म्हणतात. त्यावर उपाय एकच. पाठीला बाम चोळायचा आणि नाण्याच्या कडेनं मणक्यापासून बाहेर खरवडत जायचं, लाल पट्टे उठेपर्यंत. रोज संध्याकाळी ती चटईवर पालथी पडायची आणि मी तिची पाठ खरवडायचो. ती म्हणायची, "हळू, पाकने. ती पाठ आहे, सायलेन्सर नाही." पाकने म्हणजे मुलीचा बाप. मी तिला बुने म्हणायचो, मुलीची आई. मुलगी लग्न होऊन चिलाचापला गेली, तरी नावं तीच राहिली.

चार महिने मी असं खरवडत होतो. ही माझी चूक, आणि मी ती लपवत नाही. पाठ खरवडली की तिला झोप लागायची, आणि झोपून उठली की ती बरी असायची. बरं करत होती झोप. आम्ही नाण्याला धन्यवाद देत होतो.

मग एका संध्याकाळी भाताचा घास तिच्या घशात अडकला. ती काळीनिळी पडली. मी पाठीत बुक्के मारले तेव्हा घास बाहेर आला. दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर निंग्रुम वयानं आमच्या मुलीएवढी. विम्याच्या कार्डावर मोठ्या इस्पितळात जायचं तर तिचं पत्र लागतं, आणि पत्र एकाच तज्ज्ञाच्या नावानं मिळतं. सुवार्नी म्हणाली डोळा, म्हणून पहिलं पत्र डोळ्यांचं. त्यांनी चष्मा दिला. दुसरं पत्र घशाचं. घसा स्वच्छ निघाला. तिसरं दातांचं, जबड्यासाठी. दातही ठीक होते.

दर वेळी आम्ही पहाटे पुर्वोकर्तोच्या मोठ्या इस्पितळात जायचो, नंबर घ्यायचो, आणि दहापर्यंत बाकावर बसायचो. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. मीच म्हणायचो, झोप, नंबर आला की उठवतो. आत गेली की दोन्ही डोळे टक्क उघडे, आवाज खणखणीत. घशाचे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला नक्की झालंय काय?" कागदावर त्यांनी लिहिलं, काळजीमुळे, मनाच्या डॉक्टरांना दाखवावं.

बाजारात ते पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, दुकानावर बसायचा कंटाळा आला असेल. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण एकदा भांडी घासता घासता ती थांबली आणि म्हणाली, "पाकने, खरं सांगा. मी नाटक करते का?"

"घास अडकला ते नाटक होतं?"

"तेही मीच केलं असेल. मला न कळत."

त्या दिवशी मी घाबरलो. घास अडकला त्याहून जास्त.

चौथ्या वेळी डॉक्टर निंग्रुमनं पेन हातात धरलं आणि लिहिलं नाही. "आता कुणाचं नाव लिहू? मनाच्या डॉक्टरांचं सुचवलंय. पण तुम्ही दोघं सांगा. यांना तुम्ही रोज बघता," ती मला म्हणाली.

मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. मला जे येतं तेच सांगितलं. "गाडीचा दिवा, भोंगा आणि बाजूचे पिवळे दिवे एकदम मंद झाले तर मी बल्ब बदलत नाही. तिन्हीकडे जे जातं ते बघतो. तारा."

"मग मज्जातंतूंचे डॉक्टर," ती म्हणाली.

"नको गं बाई," सुवार्नी म्हणाली. "डोक्याच्या डॉक्टरकडे गेली म्हणजे डोकं फिरलं म्हणतील."

"ते आत्ताच म्हणतायत," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणजे अगदी धीर द्यायला पटाईत!" ती म्हणाली, पण हसली. डॉक्टर निंग्रुमनं डॉक्टर विनोतोंचं नाव लिहिलं.

विनोतो उंच, वाकलेले, कमी बोलणारे. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, हात ढकलून बघितले, डोळ्यात उजेड टाकला. सगळं ठीक. पण त्यांनी एक विचारलं जे कुणी विचारलं नव्हतं. "हे कधी होतं?"

"दुपारनंतर. संध्याकाळी जास्त," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. साडेदहा वाजले होते. बाहेर चाळीस माणसं होती. "महिन्यानं परत या," ते म्हणाले.

परत येऊन मी दुकान उघडलं. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, गाडी तापली की बंद पडते. सुरू केली तर छान चालत होती. मी त्याच्यावर खेकसलो, "गार गाडी आणलीस तर मला काय दिसणार? तासभर पळव, तापव, आणि तापलेलीच माझ्यासमोर आण!" तो गेला. मी पाना हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पाच महिने मी माझी बायको गार करून डॉक्टरांपुढे नेत होतो.

आमच्याकडे सकाळी इस्पितळात बसणारे तज्ज्ञ संध्याकाळी कुठल्यातरी औषधाच्या दुकानाशेजारी स्वतःचा दवाखाना चालवतात. तिथे कार्ड चालत नाही, खिशातून द्यावं लागतं. यू तार्मी म्हणाली, मोठ्या शहरात ने, मोठा डॉक्टर बघ. पण ज्या माणसानं कधी होतं म्हणून विचारलं, त्यालाच मला ते दाखवायचं होतं.

मी सुवार्नीला म्हटलं, "आज दुपारी झोपायचं नाही. भांडं रिकामं होईपर्यंत वीक. आज दमूनच जायचं."

"नवरा आहात की मुकादम?"

निघताना तिनं बाजूला काढून ठेवलेला दावेत आणि बर्फ थर्मासमध्ये भरून घेतला. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही, ही तिची रीत.

विनोतोंच्या दवाखान्यात आमचा नंबर एकोणिसावा. बाकावर बसल्याबरोबर तिचं डोकं माझ्या खांद्याकडे आलं.

"झोपू नकोस," मी म्हणालो.

"पाचच मिनिटं."

"नाही. बोल. आज बाजारात कोण कोण आलं?"

ती सांगू लागली. शाळेच्या मास्तरीणबाई आल्या, बर्फ कमी म्हणाल्या. तांदूळवाला आला, त्याची सून बाळंत झाली. मी विचारत राहिलो. मुलगा की मुलगी? नाव काय ठेवलं? मास्तरीणबाई साडेतीन पेले प्यायल्या की चार? तिचा आवाज नाकात जायला लागला. पलीकडच्या बाई मला म्हणाल्या, "अहो, टेकू द्या ना त्यांना जरा. कसला माणूस आहे!"

 त्यांचं बरोबर होतं.

"एकतीस वर्षांत," सुवार्नी म्हणाली, शब्द जड झाले होते, "एकतीस वर्षांत तुम्ही मला इतकं कधी विचारलं नाही. आणि आज विचारताय, जीव जायची वेळ आली तेव्हा."

"अजून सांग."

"तुमचं दुकान बुडो."

"ते बुडेल. तांदूळवाल्याच्या नातीचं नाव सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं ते एकाच डोळ्यानं. दुसरा मिटत आला होता, आणि त्यातून पाणी येत होतं. दमल्यामुळे की माझ्यामुळे, मला कळलं नाही. मला तिला जवळ घेऊन म्हणायचं होतं, झोप. मी विचारलं, "उद्या किती नारळ आणायचे?"

तेवढ्यात एकोणीस नंबर पुकारला.

विनोतोंनी बोट वर धरलं आणि तिला बू, म्हणजे बाई म्हणत सांगितलं, "इकडे बघत राहा, बू. बोट सोडायचं नाही."

नऊ महिने मी मनात म्हणायचो, पडू नको. त्या दिवशी मी त्या पापणीला म्हणत होतो, पड. आत्ता पड. यांच्यासमोर पड. ती आली. हळूहळू, दुकानाचं शटर ओढावं तशी. पाठोपाठ उजवी पण थोडी उतरली.

विनोतो पुढे झुकले. "असं झालं की तुम्ही काय करता?"

"बर्फ लावते," सुवार्नी म्हणाली. "मग उघडतो थोडा वेळ."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मदतनीस बाईंना विचारलं, "बर्फ मिळेल का कुठे?"

"आहे ना," सुवार्नीनं थर्मास वर धरला. "दावेत पण आहे."

त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवले. दोन मिनिटं ते घड्याळ बघत राहिले. हातमोजा काढला. पापणी वर गेली होती. पूर्ण नाही, पण तिची बुबुळं दिसत होती, दोन्ही, आणि ती माझ्याकडे बघत होती.

"हे मला सकाळी दिसलं नसतं," विनोतो म्हणाले.

त्यांनी नाव सांगितलं. मायस्थेनिया. मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, वापरला की स्नायू थकतो, विसावला की परत चालतो. रक्त तपासायचं, छातीचा फोटो काढायचा, म्हणजे पक्कं होईल. आजच गोळ्या सुरू करू. बरा होणारा आजार नाही, पण सांभाळता येतो. गिळायला किंवा श्वासाला जड वाटलं तर संध्याकाळची वाट न बघता थेट इस्पितळात यायचं.

सुवार्नीनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी नाटक करत नाही ना, डॉक्टर?"

"नाटकी पापणीला बर्फ कळत नाही, बू," ते म्हणाले, आणि खरंच पेला घेऊन ते दावेत प्यायले.

त्या गोळ्यांवर आम्हाला सहा वर्षं मिळाली. ती पुन्हा भात चावायची, पुन्हा यू तार्मीशी भांडायची. दुपारी तासभर गाळा बंद ठेवून झोपायची, आणि त्या तासात मी रस्त्यापलीकडे इंजिन सुरू करायचो नाही. शेवटी न्युमोनिया झाला आणि श्वास पुरला नाही. पण त्याआधीची सहा वर्षं तिला ठाऊक होतं की ती खोटं बोलत नाही.

त्या संध्याकाळी बाहेर येऊन ती गाडीवर माझ्यामागे बसली. "आता तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी दमले."

 मी एवढंच म्हणालो, "आता झोप, बुने."

तिचे दोन्ही हात मी पुढे घेऊन एका हातानं धरून ठेवले. तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं आणि जड झालं. मी गाडी अगदी हळू नेली. आमची गल्ली आली. मी वळलो नाही. बंद बाजाराला एक पूर्ण वळसा घातला, आणि मग आणखी एक.