जिप्सीची टकटक

"कॅम, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, टायमिंग बेल्ट, हेड गॅस्केट, ऑइल सील..." उघड्या बॉनेटखाली वाकून गोवर्धन बोटांवर मोजत होता. "ट्यूनिंगवाल्याचं वेगलं. आनि मजुरी."

"मजुरी किती?" गंगारामनं विचारलं.

गोवर्धनचं बोट मिटलं ते मिटलेलंच राहिलं.

"खरी सांगू, का निकेशला सांगायचो ती?"

गंगाराम वाकून इंजिनाकडे बघू लागला. करंजाड्याच्या त्या गॅरेजवरून एक विमान गेलं. पत्रा थरथरला आणि पुन्हा गप्प झाला.

निकेश हा गंगारामचा मुलगा. बंदराजवळच्या कंटेनर यार्डात नोकरीला होता. सुरुवातीचे पगार साठवून त्यानं ही जुनी जिप्सी लिलावात घेतली होती, आणि तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला होता, की तिच्यात जोरदार कॅम बसवायचा. इंजिनाच्या माथ्यावर एक लोखंडी दांडा फिरत असतो. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. उंचवटा आला की झडप उघडते, सरकला की मिटते. तो दांडा म्हणजे कॅम. उंचवटा जास्त उंच केला की इंजिन मोठा श्वास घेतं आणि गाडी पळते. गोवर्धन गावच्या भजनी मंडळात टाळकरी होता, त्यामुळे तो पोराला त्याच्या परीनं समजवायचा, "हे बघ, किर्तनात टाळ तसा इंजिनात कॅम. कुनी कवा दम घ्यायचा, तो ठरवतो."

"मंग काका, आपन जरा फास्ट टाळ लावू ना," निकेश म्हणायचा. "इस्टिमेट काढा."

आणि गोवर्धन इस्टिमेट काढायचा. पार्टची किंमत खरी सांगायचा, कारण पोरगं मोबाईलवर बघून यायचं. वाढवायचा ती मजुरी. निकेशकडे थोडे पैसे साठले की तो पुन्हा यायचा आणि मजुरी पुन्हा वाढलेली असायची.

"काका, तुमी मजुरी लावताव का महाराजांची बिदागी?" निकेश वैतागून म्हणायचा. "येवढ्यात मी मंडप घालून सप्ता बसवीन!"

गोवर्धन हसून पाना पुसायचा. मजुरी वाढवायला गंगारामनंच सांगितलं होतं, हे त्यानं पोराला कधी कळू दिलं नाही. गंगाराम एकदा मुद्दाम गॅरेजवर येऊन बसला होता. "गवर्धन, उरनच्या रस्त्याला डंपर कसं धावतान तुना माहीत हाय. पोरगा उडवील ती गारी. मजुरी येवढी सांग का त्यानं नादच सोडला पायजे." गोवर्धनला ते पटलं होतं. त्याचाही जीव होता पोरावर.

निकेश गेला तो काविळीनं. डंपर नाही, रस्ता नाही. वाशीच्या एका हॉस्पिटलात, पांढऱ्या चादरीवर. जिप्सी तेव्हा खाली पार्किंगमध्ये नीट दोन रेघांच्या मध्ये उभी होती.

दहाव्याला गाढी नदीवर सगळी भावकी जमली होती. पिंड ठेवला आणि माणसं मागं सरली. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेक जण हात जोडून पुढं होऊ लागला. चुलता म्हणाला, मनस्वीचं लग्न आमी थाटात करू, बहिणीची काळजी नको करू. मामा म्हणाला, आईच्या डोळ्यांचा इलाज करू. कंटेनर यार्डातला एक मित्रसुद्धा काहीतरी पुटपुटून गेला. कावळा ढिम्म. महाराजांचं प्रवचन थांबलं होतं, ऊन चढत होतं.

शेवटी गंगाराम उठला. पिंडाच्या जवळ गेला आणि घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाला, "बसवतो तुझा कॅम. आयकलास? बसवतो."

कावळा उतरला. लोकांनी सुस्कारा सोडला. "कॅम काय?" कुणीतरी हळूच विचारलंही. तिथं जमलेल्यांत ते ठाऊक होतं फक्त गंगाराम आणि गोवर्धनला, आणि ते दोघं एकमेकांकडं बघत नव्हते.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि दिलेला शब्द गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभा होता.

"नवा कॅम कोइमतूरवरनं मागवू," गोवर्धन म्हणाला. "चांगला येतो."

"आनि हा?"

"हा झिजलाय. ह्यो उंचवटा बघ, खाल्लाय पार. म्हनून तर गारी टकटक करते. हा भंगारात."

"भंगारात नाय," गंगाराम म्हणाला. "त्याच्या गारीतलं काय पन भायेर जायाचं नाय."

गोवर्धननं झिजलेल्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. "मग दुसरी वाट हाय. रबाल्याला सुधीर म्हनून ग्राइंडर हाय. हाच दांडा घेल. खाल्लाय तिथं वेल्डिंगचा भर देल आनि घासून नवा आकार काढून देल. लोखंड ह्याच गारीचं राहील. पन काम वाढतं, पुन्नापुन्ना बसवून बघायला लागतं. पार्ट स्वस्त, मजुरी जास्त."

"तसाच कर."

"आनि आवाज बदलेल बरं का. उभ्या जागी डुलत वाजेल, धगधग धगधग."

"वाजूं दे. त्याला तोच पायजे होता." गंगारामनं पुन्हा विचारलं, "मजुरी सांग."

"तुज्याकरनं मजुरी घेऊ मी?"

"घे. पन खरी सांग," गंगाराम म्हणाला. "एकदा तरी त्याला खरी मजुरी सांग, गवर्धन."

गोवर्धननं जिप्सीच्या रिकाम्या सीटकडं बघत आकडा सांगितला. तो इतका लहान होता की गंगाराम लगेच उठला, बाहेरच्या नळावर तोंड धुतलं आणि तसाच घरी निघून गेला.

कॅम रबाळ्याला जाऊन आला. ओळखू येत नव्हता. काळा पडलेला दांडा देवघरातल्या समईसारखा लखलखत होता. गोवर्धननं जीव ओतून काम केलं. स्प्रिंगा बसवल्या, बेल्ट चढवला, खूण खुणेला जुळवली, झडपांच्या फटी पातळ पट्टीनं मोजून लावल्या. काम करताना त्याच्या ओठांवर हरिपाठ असायचा. फटी मोजताना तेवढा तोही थांबायचा.

आणि मग त्यानं किल्ली फिरवली. जिप्सी खाकरली, क्षणभर अडखळली आणि बोलू लागली. धगधग, धगधग. बॉनेट डुलत होतं. जुनी टकटक कुठल्या कुठं गेली होती. गोवर्धनचे डोळे भरून आले. त्याच्या हातून इतकं चांगलं इंजिन याआधी उतरलं नव्हतं, आणि ज्यानं ते ऐकायचं तो नव्हता.

"चल," गंगाराम म्हणाला. "तूच चालव. घरी जाऊ. दिवेलागन झाली."

गावदेवीच्या देवळापाशी वळण घेतलं की गंगारामचं घर दिसतं. आजूबाजूला टॉवर उठले, पण ओटा अजून तसाच आहे. ओट्यावर निकेशची आई, कमळी, बसली होती. साखरेच्या आजारानं तिची दृष्टी गेल्याला बरेच दिवस झाले होते. समोर तुळस, हाताशी निरांजन, काडेपेटी.

निकेश यार्डातून घरी यायचा तो याच वेळेला. डंपरांच्या, विमानांच्या गोंगाटातून कमळी ती टकटक वेगळी काढायची. गाडी देवळापाशी वळली की ती काडी ओढायची. तो गेल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून गंगाराम रोज संध्याकाळी गाडी देवळापर्यंत फिरवून आणू लागला. पहिल्याच दिवशी तो परत आला तेव्हा तिनं काही न बोलता दिवा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. गाडी गॅरेजला होती तेवढे दिवस दिवा मनस्वीनं लावला. "गारी आली का मी लावीन," कमळी म्हणाली होती.

जिप्सी घरासमोर थांबली. धगधग, धगधग. कमळीनं मान वळवली, पदर सावरला.

"कोन पाव्हनं आलं?"

गंगाराम उतरला नाही. स्टिअरिंगवर गोवर्धनचे हात तसेच राहिले.

"मनस्वी, बघ गो कोन हाय. बसायला सांग. निकेशची गारी आज येनार हाय, तुजे बाबा आनायला गेलेत. दिवा लावला का चाय टाकतंय म्हनावं."

मनस्वी दारात आली होती. तिनं गाडी बघितली, बापाचं तोंड बघितलं आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"अगो, मीच हाय," गंगाराम शेवटी म्हणाला. "हीच ती गारी. कॅम बसवला. त्याला पायजे होता तो."

कमळीच्या हातात काडेपेटी होती. "असं होय," ती म्हणाली. मग तिनं ती पेटी उंबऱ्याच्या दिशेनं पुढं केली. "तू लाव आज."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोवर्धननं सुधीरला फोन लावला. आकार परत पहिल्यासारखा करता येईल का?

"काका, घासलेलं लोखंड मशीनच्या पाण्याबरोबर वाहून गेलं," सुधीर म्हणाला. "जुना कॅम पायजे तर कुर्ल्याला मिलेल, दुसऱ्या गाडीचा. झिजलेला पन मिलेल. पन तसाच झिजलेला कुठून आनू?"

रात्रीच गॅरेजवर परत आणलेल्या जिप्सीपुढं गोवर्धन दिवसभर बसून राहिला. त्यानं इतके हिशेब केले, पार्टचे, मजुरीचे, वेळेचे. आवाज बदलेल हेसुद्धा त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. आणि भजनात ज्याच्या कानावर सगळं मंडळ विसंबून असतं, त्याला त्या आवाजापुढं ओट्यावर बसलेली बाई आठवली नव्हती. दहाव्याच्या प्रवचनात महाराज म्हणाले होते, डोळ्याला दाखवून फसवता येतं, कानाला फसवता येत नाही. म्हणून देव नामात राहिला. तेव्हा गोवर्धननंच सगळ्यात आधी मान डोलावली होती.

उन्हं उतरायला लागली तसा तो उठला. इंजिनावरचं झाकण काढलं आणि झिजलेला उंचवटा होता त्याच जागच्या झडपेचा नट थोडा ढिला केला. फट वाढली की लोखंड लोखंडावर आपटतं. गाडी चालू केली. डुलत्या धगधगीच्या आतून टकटक येऊ लागली. त्यानं डोळे मिटून ऐकलं, नट किंचित फिरवला, पुन्हा ऐकलं. साधारण तशीच. चांगल्या कारागिराला आपल्या हातानं चांगलं काम बिघडवताना काय वाटतं, ते कुणाला सांगण्यासारखं नसतं.

त्यानं गंगारामला बरोबर घेतलं आणि देवळापाशी वळण घेतलं. टकटक, टकटक.

कमळी ओट्यावर होती. गाडी थांबली. तिनं मान वळवली नाही. बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं काडी ओढली, निरांजन लावलं आणि ज्योतीला हाताचा आडोसा करून भिंतीला खांदा घासत एकेक पायरी उतरली. मनस्वी धरायला धावली, तिला तिनं मानेनंच नको म्हटलं.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यो आवाज तुमी काडलाव ना?"

गोवर्धन गाडीतून उतरला. "वयनी, चुकलं माजं. मना वाटलं..."

"काल आली तशीच पायजे होती का त्याला?"

"हो वयनी."

"रोज सांगायचा मना. आये, असा दम लागेल गारीला का तू घाबरशील." कमळी थोडी हसली. मोकळा हात पुढं करून तिनं बॉनेट शोधलं, त्याच्यावर तळवा टेकला. बॉनेट तिच्या हाताखाली डुलत होतं. "जनमभर पोराला 'नाय'च बोललो आपन. आता दिलाय त्याला, तर नीट द्या. आनि असं वाजवलं तर इंजिन खराब होनार नाय का?"

"होईल."

"मंग घट्ट करा तो नट. आता. मना कलला पायजे."

गंगारामनं किल्ली बंद केली. गोवर्धननं बॉनेट उघडलं. मोबाईलची बत्ती लावायला गंगारामनं हात खिशात घातला, तर कमळी म्हणाली, "राहूं दे. मी धरतंय ना दिवा."

उघडी ज्योत आणि पेट्रोलची गाडी. आयुष्यभर गोवर्धननं गॅरेजमध्ये कुणाला बिडीसुद्धा ओढू दिली नव्हती. "वयनी, जरा मागं सरा," तो म्हणाला, "आनखी थोड्या... हां, तिथं."

ती मागं सरली आणि तुळशीपाशी उभी राहिली, हात लांब करून, ज्योतीला आडोसा देऊन. उजेड तिच्या बांगड्यांवर पडत होता आणि थोडा जमिनीवर. इंजिनापर्यंत तो पोचत नव्हता. गोवर्धननं अंधारात हातानंच झाकणाचे बोल्ट शोधले, गरम लोखंडानं बोटं भाजली, ती ओठांना लावली, पुन्हा खाली घातली. डोक्यावरून विमान गेलं. त्याचा आवाज ओसरेपर्यंत तो थांबला.

"बरोबर धरलाय ना मी?" कमळीनं विचारलं. "दिसतंय ना तुमाना?"

"दिसतंय, वयनी," गोवर्धन म्हणाला, आणि चाचपून नट आवळला.