सहा पात्यांची वाटणी

जीपचा पंखा लचकून राहिला, हे मले दोघाय भावायनं एकाच सकाळी सांगितलं. एकाचा फोन ठेवला की दुसऱ्याचा. मोठा भगवंतराव म्हणे, शेषाच्या बाजूची पाती वाकली. लहाना शेषराव म्हणे, दादाच्या बाजूचे बोल्ट ढिले. मी इचारलं, तू उभा कुठं आहे? तं दोघं बी जीपपाशीच उभे होते, बोनटच्या अल्याड अन् पल्याड, एकमेकाले पाठ करून. अकरा वर्षं झाली, बोलत नाहीत.

आता मलेच फोन काहून, तं अकोल्यात जुन्या शहरात माही पिठाची चक्की आहे. सत्तावीस वर्षांपासून मीच चालवते. आमचे मालक शाळेत कारकून होते, त्यायले पट्टा कोणता अन् पुली कोणती हे अजून समजत नाही. फिरणारी वस्तू कुठं दुखते, हे मले कानानं समजते. म्हणून माहेरी कोणाची मोटर बसली, पंप अडकला, की सुभद्रेले बोलवा. सणावाराले बोलवाची याद राहत नाही ते येगळं.

पण या टायमाले मी धावतच गेली. कारण दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी नऊ वाजता, मायच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं अकोल्यात. आमची माय मनकर्णाबाई. उजवा डोळा तिचा मागच्या साली गेला. मोतीबिंदू पिकला तवा ऑपरेशन शेषाच्या महिन्यात येत होतं अन् डोळ्यात औषध टाकाचं काम दादाच्या महिन्यात, अन् कोणाची पाळी हे ठरेपर्यंत डोळाच गेला. हो, माय बी वाटून घेतली त्यायनं. सहा महिने याची, सहा महिने त्याची. पाळी बदलली की तिची खाट उचलून ओसरीच्या या टोकाची त्या टोकाले. डाव्या डोळ्याच्या दोन तारखा आधीच चुकल्या होत्या. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, आता चुकली तं हा बी डोळा जाईल, मंग माह्याकडे येऊ नका.

तारीख ठरली तवाच मी म्हटलं होतं, मी एसटीनं तिले घेऊन येते. तं म्हणे नाही. घरची गाडी दारात उभी असताना माय एसटीत बसली तं गाव काय म्हणेन. बरं, मंग आठ दिवस आधीच माह्या घरी आणून ठेवते. तं ते तं बिलकुलच नाही. दोन-दोन लेक असून माय लेकीच्या घरचं खाते म्हटल्यावर तोंड दाखवाले जागा राहणार नाही. हेच अकरा वर्षांपासून ऐकून राहिली मी. पुढं पुढं तं इचारणंच सोडून दिलं.

जीपची गोष्ट सांगितल्याशिवाय तुमाले हे समजणार नाही. बाप गेल्यावर हिस्से झाले. वावर अर्धं-अर्धं झालं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, बैल एकेक घेतला, अन् जीपपाशी येऊन गाडं अडलं. झेंडू-शेवंतीचा माल अकोल्याच्या बाजारात न्याले दोघायले ती पायजे. विकाले कोणी तयार नाही. पंच सकाळपासून उपाशी बसले होते. त्यातला एक चिडून म्हणे, डायव्हर साइड मोठ्याची, क्लीनर साइड लहान्याची, मधातून चुन्याची रेघ मारा अन् आमाले जेवू द्या. तो बिचारा गंमत करून राहिला होता. पण आमच्या घरात गंमत कोणाले समजते? यायनं ते लिहून घेतलं. चाकं दोन-दोन झाली. दिवा एकेक झाला. स्टेअरिंग दादाकडे गेलं म्हणून गिअर शेषाले दिला. तवापासून जीप चालते तं दादा स्टेअरिंग फिरवते अन् शेषा बाजूले बसून गिअर टाकते. बोलत नाहीत, म्हणून दादा खाकरला की शेषानं गिअर बदलाचा. माय मागं मधात बसते, रेघेवर, एक पाय इकडं अन् एक पाय तिकडं.

इंजनाच्या पंख्याले सहा पाती. तीन-तीन झाली. तवा मी म्हटलं होतं, एक आड एक घ्या. तं दोघं बी माह्या अंगावर आले. तुकड्या-तुकड्यात कोण घेते? सलग पायजे, एका बांधात पायजे. म्हणून तीन लगतची दादाची, तीन लगतची शेषाची. मी हक्कसोडीवर सही केली अन् एक लुगडं घेऊन अकोल्याले आली.

तं बुधवारी दहा वाजता मी पोचली. मायले पाया पडली. तिनं माहं तोंड हातानं चाचपून पाहिलं, अन् म्हणे बारीक झाली वं तू. मी बारीक गिरीक काही नाही झाली, पण तिले धूसर दिसते ना. तिची पिशवी भरून ठेवलेली होती, दोन लुगडे अन् फणी. सकाळपासून तीनदा तिनं इचारलं होतं म्हणे, सुभी आली का.

मी पदर खोचला अन् जीप चालू कराले लावली. बापा रे. बोनट असं हाललं की वर ठेवलेला पाना खाली पडला. पंखा फिरत नव्हता, नुसता डुलत होता, अन् पुढच्या रेडिएटरच्या जाळीपासून बोटभर अंतरावर येऊन वापस जात होता. मी ओरडून इंजन बंद करवलं. असंच निघाले असते तं अर्ध्या वाटेत पंखा जाळी फाडून बाहेर आला असता, अन् माय घाटात बसली असती रेघेवर.

दोघं भाऊ आपापल्या बाजूनं वाकून दुसऱ्याच्या पात्याकडे बोट दाखवू लागले. मी दोघायले मागं सरकवलं. आधी पंखा दोन्ही हातायनं धरून मागं-पुढं हालवून पाहिला. आतलं बेरिंग खराब असलं की तिथं खेळ लागते, म्हणजे पंखा ढिला हालते. खेळ नव्हता. बोल्ट पाहिले, चारी घट्ट. मंग एक काडी जाळीले टेकवून धरली अन् पंखा हातानं हळूहळू फिरवला. एखादं पातं वाकलं असतं तं काडीपासून दूर गेलं असतं. सहाच्या सहा पाती काडीच्या तितक्याच जवळून गेली. म्हणजे वाकलेलं काहीच नाही. मंग राहिलं वजन.

पंखा उतरवाले चार बोल्ट. दोन दादानं खोलले, दोन शेषानं. मी सळई घेतली, पंख्याच्या मधल्या भोकातून घातली, अन् सोडून दिला. शेषाची पाती खाली. हातानं वर केली, सोडली, पुन्हा खाली. पाच बार केलं, पाच बार खाली. दादाच्या तोंडावर असा आनंद झाला की जसा कोर्टात जिंकला.

नख लावून पाहिलं तं शेषाच्या पात्यावर ऑइलपेंटचे थर. दरसाल दसऱ्याले हा गडी मशीनीची पूजा करते, अन् आपल्या हिश्श्याच्या तीन पात्याले हिरवा रंग देते. जुना न खरडता. अकरा दसरे, अकरा थर. अन् दादा बी काही कमी नाही. तो दरसाल आपली तीन पाती पॉलिशपेपरनं घासते, चमकाले पायजे म्हणून. घासून घासून पापडासारखी पातळ करून ठेवली. एकानं चढवलं, एकानं उतरवलं, अन् मधात पंखा पागल झाला. मले हासू बी आलं अन् रडू बी आलं.

मी शेषाले म्हटलं, खरड रंग. नाही म्हणे. माह्या हिश्श्यावरची लक्षुमी आहे, दसऱ्याची, मी नाही खरडत. दादानं आपल्या पात्याले वजन लावावं. दादा म्हणे, मी काहून लावू, जड त्याची आहेत. हे दोघं बी मलेच सांगत होते, अन् उभे एकमेकापासून तीन फुटावर. बारा वाजले. माय खाटेवरून इचारे, निघालो का? पुढं तं कहर झाला. दोघं बी म्हणे, रविवारी पंच बसवू.

रविवारी. ऑपरेशन उद्या सकाळी.

तिथं माहं डोस्कं सटकलं. मी सळई आपटली अन् म्हटलं, "ठीक आहे. मले माहा हिस्सा पायजे."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. शेषा मटकन ओट्यावर बसला. अकरा वर्षांत पहिल्या बार दोघायनं एकमेकाकडे पाहिलं. हक्कसोड असो का नसो, बहीण हिश्श्यासाठी कोर्टात गेली तं वावराचे तीन तुकडे, विहिरीच्या तीन पाळ्या, हे त्यायच्या डोळ्यात मले लख्ख दिसून राहिलं होतं.

मी म्हटलं, वावर नाही पायजे. विहीर नाही, जीप नाही. शेषाच्या पात्यावरचा रंग पायजे, अन् दादा, तुह्याकडून तीन वायसर पायजेत, बोल्टखाली टाकाच्या चकत्या. एवढाच माहा हिस्सा.

अन् काय सांगू तुमाले. शेषा उठला, कानस घेतली, अन् असा खरडू लागला की घाम पुसाले बी थांबला नाही. दादानं डब्बा उपडा करून वायसर काढले. हळूच म्हणे, हिस्सा भेटला असं लिहून देशील ना? आतून वाटणीचा कागद घेऊन आला, त्याच्या खालच्या बाजूले जागा होती. त्यावर बी दोघायची घासाघीस झाली, रंगाले रंग लिहावं का माल लिहावं. अर्धा तास लागला. मंग मी सही केली. सगळा हिरवा चुरा शेषानं पेपरात बांधून माह्या हातात दिला, एक कण बी मागं ठेवला नाही.

मी पंखा पुन्हा सळईवर घातला. हलक्या बाजूच्या बोल्टखाली वायसर टाकत गेली, तिसऱ्याले पंखा जिथं सोडला तिथं थांबू लागला. बसवला, पट्टा ताणला, इंजन चालू केलं. बोनटवर चहाचा कप ठेवला, चहा हालला नाही. आपल्या हाताचं काम पाहून मले लय बरं वाटलं.

इंजन बंद केलं तवा माय बोलली. ती सगळं ऐकत होती.

"सुभे, मागाचंच होतं तं रंग काहून मागतला वं? मले मागाचं होतं."

मले असं झालं की धरतीनं पोटात घ्यावं. वावर सुचलं, विहीर सुचली, रंग बी सुचला, माय नाही सुचली. लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील, हे ऐकून ऐकून मले बी तेच खरं वाटू लागलं होतं. मी कागद दादासमोर धरला. म्हटलं, खाली लिहा. माय आजपासून सुभद्रेच्या हिश्श्यात. कायमची.

मी पदर कसून उभी होती. म्हटलं आता होते भांडण. गाव काढतील, नाक काढतील, बापाचं नाव काढतील.

दादानं लिहिलं. सही केली. पेन शेषाकडे दिला, सरळ त्याच्या हातात. शेषानं सही केली. दोन मिनिटं बी लागली नाहीत.

माय म्हणे, "केल्या का वं सह्या?"

मी दोघायकडे पाहिलं. दादा रेडिएटरमदी पाणी टाकाले गेला होता. शेषा पाने गोळा करून राहिला होता.

"नाही वं माय," मी म्हटलं. "देत नाही म्हणतात. पेनच धरून नाही राहिले."

माय हासली. म्हणे, मंग राहू दे, जबरदस्ती नको करू त्यायच्यावर. मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली, अन् तिचा हात धरून तिले जीपकडे घेऊन गेली.