तिसऱ्या गियरमध्ये

मेकॅनिक कुंचोरोने हेअर ड्रायर चालू केला आणि गरम हवेचा झोत गाडीच्या पोटातून काढलेल्या चपट्या डबीवर धरला. डबीच्या तारा जोडलेल्याच होत्या. चाकं जॅकवर अधांतरी फिरत होती. थोड्या वेळाने गाडीने आचका दिला. स्कॅनरवर तिसरा गियर आला, तो हलेचना.

"पाहिलंत, बाई? माझ्या सासूसारखी आहे तुमची गाडी. थंड आहे तोवर गोड, तापली की अडून बसते!"

सुमियाती हसली नाही. चहाचा ग्लास तिने तळहातात तसाच धरून ठेवला होता.

"गियर बदलायचा हुकूम या डबीतून सुटतो," तो म्हणाला. "आतला सोल्डरचा एक टाका तडकलाय. तापला की फट उघडते, आणि गाडी तिसऱ्यातच अडकते. सपाटीला चालेल, पण चढावर गोगलगाय. अॅक्सिलरेटर कितीही दाबा."

"आणि निवल्यावर?"

"टाका जुळतो. जणू काही झालंच नव्हतं. सकाळी कोणाकडे नेलीत तर म्हणेल, गाडी ठणठणीत आहे, चालवणाऱ्यालाच तपासा."

"माझा भाऊ असंच म्हणाला होता," सुमियाती म्हणाली.

लेकीला, निंग्रुमला, दम्याचा झटका आला तेव्हा सुमियातीचा नवरा तार्जो तिला घेऊन वोनोसोबोच्या इस्पितळाकडे निघाला होता. सगळा चढाचा रस्ता. पोचेपर्यंत पोरीचा श्वास थांबला होता. गाडी वर चढेचना, गं, एवढंच तो सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी सुमियातीच्या भावाने तीच गाडी त्याच चढावरून भरधाव नेऊन आणली. तेव्हा सगळ्यांदेखत सुमियाती नवऱ्याला म्हणाली होती, "तुमचे हातपाय गळाले. गाडीला नावं ठेवू नका." तार्जोने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. परवा कोबीची पोती घेऊन ती स्वतः बाजाराला निघाली आणि त्या चढावर गाडी तशीच रांगायला लागली.

कुंचोरोने टाका नव्याने घातला, डबी पुन्हा तापवली. गियर सुरळीत बदलत गेले. तिने चहा न पिताच ग्लास खाली ठेवला.

घरी तार्जो अंगणात पक्ष्याचा पिंजरा धूत होता.

"झाली?" त्याने मान वर न करता विचारलं.

"झाली." ती उभीच राहिली. "गाडीतच दोष होता. तापली की तिसऱ्यात अडकायची. निवली की बरी. म्हणून कोणाला सापडला नाही."

आता तो ओरडेल, निदान पिंजरा आपटेल, असं तिला वाटलं. आपटावा, असंही वाटलं. तार्जोने नळ बंद केला.

"मी अॅक्सिलरेटर दाबला होता?"

"म्हणजे?"

"मला आता आठवतच नाही. तू म्हणालीस, हातपाय गळाले. रोज आठवायला बसलो की पाय लटपटताना दिसतो. शेवटी म्हटलं, तसंच झालं असणार." ओले हात त्याने गुडघ्यांवर ठेवले. "दाबला असेल?"

"दाबला होता."

तो पायरीवर टेकला. कोंबड्या त्याच्या पावलांशी घोटाळत होत्या.

"तो मेकॅनिक काय म्हणाला ते परत सांग," तार्जो म्हणाला. "हळू सांग. सगळं."

ती त्याच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.